टक्क्याचा गेटपास

पहिल्या दिवशी मामांनी कीबोर्डवरच्या टक्क्याच्या चिन्हावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "सूनबाई, ड्यूटीवर की पासवर?"

मला वाटलं, प्रश्न माझ्याबद्दल आहे. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले आणि म्हणाले, "ड्यूटीवर. आजपासूनच."

मामांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं ठाऊक आहे. ह्याचं विचारतो."

राजवाड्यामागच्या एका गल्लीत खाली छापखाना होता. लाकडी जिना चढून वर गेलं की माळा, आणि माळ्यावर दोन कॉम्प्युटर. दुकान मामांच्या भाच्याचं. तो त्यांना मामा म्हणायचा, म्हणून खालचे मशीनवाले, चहावाला, गिऱ्हाइकं, सगळेच मामा म्हणायचे. मामा एका कापड मिलच्या टाइम ऑफिसात तीस वर्षं हजेरी लिहीत होते. मिल बंद पडली तेव्हा भाच्याने त्यांना प्रुफं तपासायला बसवलं. माझे सासरे आणि माझा नवरा त्याच मिलच्या कताई खात्यातले. म्हणून मी मामांची सूनबाई.

मी देवगडकडची. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा इथलं मराठी मला अर्धंच कळायचं. सासूबाई म्हणायच्या, "जरा खिडकी बंद करून दे ना, धूल येऊन राहिली आहे," आणि मी धूल कोण ते बघायला दाराशी जायची. मिल बंद झाल्यावर नवरा सियागंजात एका किराणा आडतीवर पोती मोजायला जाऊ लागला आणि घरातल्या आणखी कुणीतरी बाहेर पडायची वेळ आली. नवऱ्याच्या मित्राने भाच्याला सांगितलं, मुलगी मॅट्रिक आहे, हुशार आहे. हुशारीचं मला माहीत नाही. मॅट्रिक मी नव्हते. आठवी झाली, नववीला नाव घातलं आणि शाळा सुटली ती सुटलीच. भाच्याने सर्टिफिकेट मागितलं नाही आणि तो आज मागेल की उद्या, हे मोजत मी रोज जिना चढत होते.

तर टक्का. आमच्याकडे पानं लावायचा जो प्रोग्राम होता त्यात काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं टाइप करायची आणि मधेमधे चिन्हांनी हुकूम लिहायचे. इथे जाड कर, इथे मधोमध आण, इथे ओळ तोड. छापून हातात येईपर्यंत काय झालंय ते दिसायचं नाही. आता अडचण अशी, की जी चिन्हं हुकूम देण्यासाठी नेमलेली होती, तीच कधी कधी नुसती छापायचीही असायची. टक्क्याचं काम होतं पुढचं लपवणं. तो ओळीत आला की मशीन समजायची, इथून ओळ संपेपर्यंत ऑपरेटरने स्वतःसाठी टिपण लिहिलेलं आहे, ते छापायचं नाही. मग खरोखरचे पन्नास टक्के छापायचे कसे? तर टक्क्याच्या आधी एक उलटी तिरकी रेघ द्यायची. असं: \%. मग टक्का आपलं काम विसरून नुसता टक्का म्हणून छापला जायचा.

प्रोग्रामबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकात या युक्तीला एस्केप म्हटलं होतं. मामांना तो शब्द मान्य नव्हता. "एस्केप म्हणजे पळून जाणं. पळणाऱ्याचा खाडा लागतो. हा पळत नाही, रीतसर गेटपास घेऊन जातो." मिलमध्ये पाळी चालू असताना कुणाला बाहेर जायचं असेल तर टाइम ऑफिसातून पास घ्यावा लागे. पासवर गेलेला माणूस तोच, नाव तेच, नंबर तोच, पण तेवढ्या वेळात त्याला काम सांगायचं नाही. मला ते तिथल्या तिथे समजलं. त्या इंग्रजी पुस्तकाची सव्वीस पानं भाचा वाचू शकत होता, पण त्याला समजलं होतं की नाही, ते पुढे येईलच.

त्याच पुस्तकात या चिन्हांना स्पेशल कॅरेक्टर म्हटलेलं होतं. यावर मात्र मामा खूश होते. ज्याचं कॅरेक्टर स्पेशल त्याच्यावर नजर ठेवावी लागते, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. त्यांनी एक जुनं हजेरीबुक आणून त्यात सगळ्या चिन्हांची नावं चढवली होती. टक्का म्हणजे 'झाकणवाला'. जोडाक्षरासारखं दिसणारं ते इंग्रजी आणि, म्हणजे &, हा 'उडवणवाला', कारण तो मजकूर उडवून पुढच्या रकान्यात टाकायचा. महिरपी कंस हे 'दोघे भाऊ', एक आला की दुसऱ्याने आलंच पाहिजे, नाहीतर सगळं पान अडून बसतं. उलटी तिरकी रेघ हा 'गेटवाला'. कुणी किती वेळा त्रास दिला त्याच्या खुणा रोज नावासमोर होत. महिनाअखेरीस मामा बेरीज करून भाच्याला दाखवायचे, "या महिन्यात धाकट्या भावाचे नऊ खाडे." भाचा म्हणायचा, "मामा, यार, कस्टमर बसले आहेत."

मामांचा पोशाख मिलचाच राहिला होता. पूर्ण बाह्यांचा सदरा, पँटला सायकलची क्लिप, जी जिना चढून आल्यावरही दिवसभर तशीच. मिलचा भोंगा बंद होऊन वर्षं झाली, पण दुपारी साडेबाराला मामा मान वर करून ऐकायचे, "झाला," म्हणायचे आणि डबा उघडायचे. मी एकदा म्हटलं, मला काही ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. कोकणातल्या माणसाला कसं ऐकू येणार, असं काहीसं त्यांच्या मनात असावं.

हा पास त्यांनी चिन्हांपुरता ठेवला नव्हता. माणसांच्या बोलण्यातही त्यांना तो दिसायचा. मी नवी असताना आमच्या शेजारच्या बाईंनी गॅलरीतून सांगितलं, "कभी भी आ जाना खाना खाने, अपना ही घर है." दोन दिवसांनी मी मुलाला घेऊन संध्याकाळी सात वाजता गेले. त्या बिचाऱ्या टीव्हीसमोर लसूण सोलत होत्या. त्यांनी चहा केला, मग पोहे केले, आठ वाजता त्यांचा नवरा आला तेव्हा त्यांनी त्याला स्वयंपाकघरात नेऊन काहीतरी सांगितलं. नऊ वाजता मला अंदाज आला. मामांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "त्या वाक्याला पास होता, सूनबाई. वाक्य दिसायला तेच, पण त्याच्याकडून काम घ्यायचं नाही. तुम्ही त्याला ड्यूटीवर धरलंत."

मला फार बरं वाटलं. मी मूर्ख नव्हते, मला फक्त रेघ दिसली नव्हती.

गंमत अशी, की ती मामांनाही दिसत नसे. गौतमपुऱ्याला त्यांच्या चुलत बहिणीकडे कार्य होतं. बहीण म्हणाली, आता आलाच आहात तर चार दिवस राहा. मामा चार दिवस राहिले. कार्य पहिल्या दिवशीच संपलं होतं. दुसऱ्या दिवशी मंडपवाले मंडप घेऊन गेले, तिसऱ्या दिवशी बहीण माहेरी म्हणून धाकट्या भावाकडे गेली, चौथ्या दिवशी मामांनी मेव्हण्यांबरोबर गहू निवडले आणि पाचव्या दिवशी सकाळच्या बसने परत आले. मी विचारलं, मामा, तुमच्या लक्षात नाही आलं? ते म्हणाले, "आलं ना. तिसऱ्या दिवशी आलं. पण तोंडी पास मी तीस वर्षांत मानला नाही."

आणि सहीशिवायचा पास त्यांनी स्वतःसाठीही मानला नव्हता. गेटवाल्या रेघेची जी गोष्ट ते सांगायचे, ती मला आधी विनोदी वाटली होती. ही रेघ स्वतःच छापायची असेल तर तिच्याआधी तिच्यासारखीच दुसरी द्यावी लागते. भाच्याला यात काहीतरी घोटाळा वाटायचा. मामांना तो निसर्गनियम वाटायचा. गेटवाल्यालाही बाहेर जायचं तर पास लागणारच, आणि तो त्याने स्वतःच स्वतःला देऊन कसा चालेल? दुसरा गेटवाला पाहिजे. त्यांची मुलगी झाली त्या दिवशी घरून निरोप आला तेव्हा मामा टाइम ऑफिसात एकटे होते. पासावर सही करायचा अधिकार त्यांचाच. शेकडो माणसांना त्यांनी त्या हाताने सोडलं होतं. स्वतःच्या पासावर स्वतः सही करणं त्यांना जमलं नाही. पाळी बदलून दुसरा बाबू येईपर्यंत, चार तास, ते पास भरून समोर ठेवून बसले. घरी पोचले तोवर मुलगी झोपली होती आणि बायको जागी होती. "पुढे महिनाभर," मामा म्हणाले, "ती माझ्याशी जे बोलली ते सगळं ड्यूटीवर होतं."

आता साडीची गोष्ट.

एका साडीवाल्या सेठचं पत्रक आलं. वर्तमानपत्रात घालून वाटायचं होतं. मजकूर साधा: 'हर साड़ी 50% तक सस्ती', आणि खालच्या ओळीत 'केवल रविवार तक'. त्या दिवशी बंद मिलच्या गेटवर थकलेल्या देण्यांसाठी कामगारांची सभा होती, मामा तिकडे गेले होते. भाचा घाईत होता. मी टाइप केलं आणि त्याने प्रूफ न बघता खाली छापायला सोडलं. माझं लक्ष कुठे होतं ते मला आजही माहीत आहे. आदल्या दिवशी भाचा सहज म्हणाला होता, "वहिनी, एकदा सगळ्यांची सर्टिफिकेटं फाइलला लावून ठेवू या." मी रात्रभर त्याच विचारात होते आणि टक्क्याला पास द्यायची विसरले.

झाकणवाल्याने झाकण घातलं. छापून आलं ते असं:

हर साड़ी 50
केवल रविवार तक

शनिवारी सकाळी सेठच्या दुकानाबाहेर बायकांची रांग लागली. शहरातल्या होत्याच, पण सांवेरकडून एक अख्खी ट्रॉली भरून आली होती, ट्रॅक्टरला जोडून. प्रत्येकीच्या मुठीत पन्नासची नोट. सेठ हात जोडून सांगत होता की गलती झाली आहे, साडी चारशेची आहे. पुढच्या म्हाताऱ्या बाईने पत्रक उलगडून त्याच्या नाकासमोर धरलं आणि शांतपणे म्हणाली, "लिख्यो तो है, सेठ." तिला वाचता येत नव्हतं, पण पन्नासचा आकडा तिला नोटेवरून ओळखू येत होता. दुपारपर्यंत सेठने गोदामातला चार वर्षांचा न खपलेला माल काढून पन्नास रुपयांनी वाटला, मग शटर ओढलं आणि तडक आमच्या जिन्याकडे आला.

तो काय बोलला ते मी लिहीत नाही. त्यातल्या कशालाच पास नव्हता. तो गेल्यावर भाचा माझ्याकडे वळला. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, "वहिनी, उठा. नवीन पत्रक मी स्वतः टाइप करतो. आणि उद्या येताना मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणा. मला बघायचं आहे मी कोणाला बसवून ठेवलंय ते."

मी उठले. त्या पगारावर घराचं दूध, मुलाची शाळा आणि सासऱ्यांचं औषध चालत होतं, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ते काही आठवलं नाही. मला इतकंच वाटत होतं, की आता ही खुर्ची गेली. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी येत होतं, आणि ते येतं हे सांगायला माझ्याकडे कागद नव्हता.

मामा कोपऱ्यात बसून हजेरीबुकात झाकणवाल्याच्या नावासमोर लांबलचक शेरा लिहीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

भाचा बी.कॉम. होता. त्याने जोरजोरात कळा दाबल्या. टक्क्याआधी रेघ दिली आणि मला ऐकू जाईल असं म्हणाला, "हे बघा, असा देतात पास." सेठने या वेळी आणखी एक ओळ वाढवून मागितली होती, रेशमी & सूती. भाच्याने तीही ठोकली आणि प्रिंट काढला. मामा उठले, कागद हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडात नेला. टक्का जागेवर होता. पण उडवणवाल्याला पास दिलेला नव्हता. त्याने आपलं काम केलं होतं. 'सूती' उडून उजव्या कडेला गेला होता आणि कागद संपल्यामुळे त्यातलं एकच अक्षर उरलं होतं.

मामांनी वाचून दाखवलं, अगदी हजेरी घ्यावी तसं. "हर साडी पन्नास टक्के तक सस्ती. रेशमी सू."

खालून शाई न्यायला आलेला मशीनवाला जिन्यातच बसला. मला हसू येऊ नये म्हणून मी पदर तोंडात कोंबला. रडू येत होतं तेव्हाही तोच पदर होता, त्यामुळे फार फरक पडला नाही. भाचा कानापर्यंत लाल झाला. तरी त्याने हट्ट सोडला नाही. "ते ठीक आहे, मामा. मिस्टेक कुणाची पण होते. पण सर्टिफिकेट पाहिजे मला."

मामा माझ्याकडे वळले. त्यांनी फक्त विचारलं, "आहे?"

दोन वर्षं मी या प्रश्नाची उत्तरं जमवत होते. गावी आहे, पुरात गेलं, वाळवीने खाल्लं. मामांच्या समोर त्यातलं एकही बाहेर येईना.

"नाही," मी म्हणाले. "मी आठवी आहे. नववीला नाव घातलं होतं. गेले नाही."

भाच्याने तोंड उघडलं, पण मामांनी त्याच्याकडे बोट केलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"हे टक्क्याच्या पुढचं आहे," मामा म्हणाले. "ऑपरेटरसाठी. छापायचं नाही."

भाच्याने मामांच्या हातातून तो कागद घेऊन चुरगळला, खिशात घातला आणि खुर्चीवरून उठला. मामा पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले आणि चष्मा पुसत म्हणाले, "सूनबाई, बसा. ते सू पुरं करा."

मी बसले. दोन्ही पास बरोबर पडले.

भाच्याने तो विषय पुन्हा काढला नाही, घरी बायकोलाही सांगितला नसावा. सेठ मात्र दिवाळीच्या आधी स्वतः जिना चढून आला. चार वर्षांचं गोदाम एका दुपारीत रिकामं झालेलं त्याला नंतर उमगलं होतं. जरा घुटमळून मला म्हणाला, "भाभीजी, वो वाला फिर से छाप दो, जिसमें टक्का भाग गया था." मामांनी कोपऱ्यातून दुरुस्ती केली, की पळाला नव्हता, झाकून बसला होता.

त्यानंतर मी तिथे खूप वर्षं काम केलं. काळा पडदा गेला, रंगीत आला, रेघा आणि पास गेले, चिन्हं माउसने उचलून ठेवता येऊ लागली. मामांना ते आवडलं नाही. सगळेच पासवर, मग ड्यूटीवर कोण, म्हणायचे. डोळे अधू झाले तरी भिंग घेऊन प्रुफं तेच वाचत.

इंदूरच्या मराठी समाजाची कुटुंबसूची आमच्याकडे छापायला आली ती त्यांची शेवटची मोठी प्रुफं. प्रत्येक घराची माणसं, नातं, शिक्षण, व्यवसाय. सरदार-शिलेदारांची घराणी, रेल्वेतली, शाळांतली, मिलमधली, सगळी एका पुस्तकात. आमच्या घराची ओळही मीच टाइप केली. सासरे, सासूबाई, नवरा, मी, मुलगा. माझ्या नावापुढचा शिक्षणाचा रकाना मी मोकळा ठेवला. असे मोकळे रकाने पुष्कळ होते. कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं.

दोन दिवसांनी मामांनी प्रुफं परत केली. बाकीचे मोकळे रकाने त्यांनी तसेच सोडले होते. माझ्या नावापुढे मात्र लाल पेनाने हंसपद काढलेलं होतं, काहीतरी सुटलं आहे, घाला, अशी ती खूण. एरवी सुटलेला शब्द ते समासात स्वच्छ अक्षरात लिहून देत. या वेळी समास कोरा होता.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंग धरून पुढच्या पानावर होते.

मी फाइल उघडली, रकान्यात आले आणि 'आठवी' लिहिलं. त्यात एकही खास चिन्ह नव्हतं. कुणाला पास द्यावा लागला नाही.